टाळेबंदीतील परसबाग आणि शेजारधर्म

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी दारे बंद झाली, रस्ते ओस पडले, बाजार थांबले. त्या काळाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. रुग्णालये, स्थलांतरित मजुरांची पायपीट, ऑनलाइन शाळा आणि बुडालेले रोजगार यांची नोंद झाली, ती योग्यच होती. मात्र या मोठ्या घडामोडींच्या आडोशाला एक लहानसा व्यवहार अखंड चालू राहिला. कुणी भिंतीपलीकडे बियांची पुडी ठेवली, कुणी फोनवरून पिवळ्या पडलेल्या पानाचे छायाचित्र पाठवले, तर कुणी आजारी शेजाऱ्याच्या कुंड्यांना पाणी घातले. बाग करणाऱ्या माणसांनी एकमेकांना दिलेली ही सोबत वरवर पाहता किरकोळ वाटते. पण ती कशामुळे टिकली याचा विचार केला, तर त्यातून हाती लागणारे उत्तर आजही उपयोगाचे आहे.

त्यासाठी बीड जिल्ह्यातील केजसारख्या तालुक्याच्या गावाकडे पाहणे सोयीचे ठरते. महानगरातल्या गच्चीवरील बागेचे कौतुक अनेकदा होते. परंतु बाग ही हौस असते तेव्हा आणि ती गरज असते तेव्हा, सोबतीचा अर्थ किती बदलतो, हे अशा गावात अधिक स्पष्ट दिसते.

उन्हाळा, ऊस आणि बंद बाजार

केज तालुका बालाघाटाच्या पठारी प्रदेशात वसला आहे. मांजरा नदीवरील धरण याच तालुक्यात, धनेगाव येथे आहे. हे धरण आटले की काय होते, हे २०१६ च्या एप्रिलमध्ये साऱ्या देशाने पाहिले. त्या वर्षी लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाऊस बेभरवशाचा, उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढचा आणि पाण्याची ओढ कायमची, असा हा मुलूख. म्हणूनच इथल्या हजारो कुटुंबांचा निम्मा संसार दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील उसाच्या फडांवर मांडला जातो. ऊसतोडणीचा हंगाम आटोपून ही कुटुंबे उन्हाळ्यात गावी परततात.

२०२० मध्ये नेमकी ही परतीची वाट अडली. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि लाखाहून अधिक ऊसतोड मजूर साखर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. १७ एप्रिल रोजी राज्य सरकारने त्यांना तपासणी करून गावी पाठविण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ही माणसे परतू लागली. परतल्यावरही त्यांना लगेच गावात मिसळता येत नव्हते. अनेकांनी विलगीकरणाचे दिवस शाळांमधून किंवा शेतातल्या झोपडीत काढले.

इथे एक जुनी आठवण जागी होते. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये महाराष्ट्रातील अनेक गावांनी घरे रिकामी केली आणि माणसे रानात, माळावर झोपड्या घालून राहिली. प्लेग घरात उंदरांमागून येत होता, म्हणून घर सोडणे हा उपाय होता. करोना माणसांच्या श्वासातून येत होता, म्हणून घरात थांबणे हा उपाय ठरला. उसाच्या फडावरून आलेल्या कुटुंबांना मात्र सव्वाशे वर्षांनंतर पुन्हा रानातली झोपडीच जवळ करावी लागली.

आठवडी बाजार बंद झाल्याने ताज्या भाजीचा प्रश्न निर्माण झाला. तालुक्याच्या गावात आठवडी बाजार ही केवळ खरेदीची जागा नसते. भाजीपाला, मिरचीची रोपे, शेवग्याच्या शेंगा, गावरान बी, सारे काही तिथे हाती लागते. एकीकडे शेतकऱ्याच्या रानात तयार माल पडून होता, तर दुसरीकडे दोन गल्ल्या पलीकडच्या घरात कोथिंबिरीची काडी नव्हती. बियाणे आणि खतांच्या दुकानांना केंद्र सरकारने मार्चअखेरीसच टाळेबंदीतून सूट दिली. पण ती सोय मुख्यतः शेतीसाठी होती. चार वेलांसाठी चार बिया हव्या असलेल्या घराला पोत्यातल्या बियाण्याचा काय उपयोग? त्या चार बिया शेजाऱ्याकडेच मिळू शकत होत्या.

आळी घालण्याचे दिवस

योगायोग असा की, टाळेबंदीच्या पहिल्या दोन टप्प्यांच्या काळातच परसातल्या लागवडीचा एक परंपरागत मुहूर्त होता. २६ एप्रिल २०२० रोजी अक्षय्य तृतीया होती. या दिवशी आळी करून दोडका, कारले, भोपळा अशा वेलभाज्यांचे बी लावण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. तिच्यामागे साधा हिशेब आहे. उन्हात तापलेल्या मातीत बी लवकर रुजते, वेल महिनाभर घरच्या पाण्यावर तग धरतो आणि मृगाचा पाऊस पडला की मांडवावर चढतो. बाजारातल्या भाज्या महाग होतात त्या पावसाळ्याच्या तोंडाला घरचा दोडका हाती येतो.

केजसारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते, तिथे परसबाग उभी राहते ती सांडपाण्यावर. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर अळू आणि केळ, भांडी घासायच्या जागेशी कढीपत्ता, कुंपणाला शेवगा, दाराच्या मांडवावर वेल, अशी तिची रचना असते. कोणते झाड कुठे लावायचे हे पाण्याच्या वाटेने ठरवलेले असते. साबणाच्या पाण्यावर पालेभाजी नीट होत नाही, अळू व केळ मात्र ते बरेचसे सोसतात. आळ्यावर उसाचे पाचट किंवा पालापाचोळा अंथरला, तर बाष्पीभवन कमी होऊन पाणी पुरवून वापरता येते. ही माहिती कुणी शाळेत शिकवत नाही. ती सासूकडून सुनेकडे, एका परसातून दुसऱ्या परसात जाते.

टाळेबंदीत हे जाणे-येणे अधिक महत्त्वाचे झाले, कारण बाग नव्याने करू लागलेल्यांची संख्या वाढली होती. एरवी वर्षातले पाच-सहा महिने गावात नसणारी, पुण्या-मुंबईहून परतलेली, नोकरीच्या ठिकाणी सुटी मिळालेली माणसे घरी होती. त्यांच्या हाती वेळ होता आणि मनात धास्ती होती. तुटक्या बादल्या, तेलाचे डबे, खताच्या रिकाम्या गोण्या यांत माती भरली गेली.

एकट्याने बाग का होत नाही?

येथे मूळ मुद्दा येतो. वाचन एकट्याने करता येते, विणकाम एकट्याने करता येते. बाग मात्र फार काळ एकट्याने करता येत नाही. त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण बी. बाजारातल्या पुडीतले बी बहुधा संकरित असते. त्याचे पीक पहिल्या वर्षी चांगले येते, पण त्याच पिकाचे बी धरून पुन्हा लावले तर पुढची पिढी एकसारखी निघत नाही. म्हणून दरवर्षी पुडी विकत घ्यावी लागते. गावरान वाणाचे तसे नाही. वाल, चवळी, गवार, मेथी ही पिके बहुतांशी स्वतःच्याच फुलातल्या परागांवर फळतात, त्यामुळे त्यांचे बी घरी धरणे सोपे असते. शेंग वेलावरच वाळू द्यावी, बी सावलीत सुकवावे, राख मिसळून गाडग्यात किंवा काचेच्या बरणीत ठेवावे. राख ओल शोषते व भुंग्याला अटकाव करते. तरीही बी कायम टिकत नाही. कांद्याचे बी जेमतेम वर्षभर टिकते, वालाचे दोन-तीन वर्षे. एखाद्या वर्षी आपल्याकडचा वाण पाण्याअभावी गेला, तर तो परत मिळण्याची एकच जागा असते. ज्याला आपण पूर्वी बी दिले होते, त्याचे घर! बी वाटणे हा उदारपणा तर आहेच, शिवाय तो आपल्याच वाणाचा विमाही आहे.

दुसरे कारण अनुभव. नव्याने दोडका लावणाऱ्याची एक ठरलेली तक्रार असते : फुले भरपूर लागतात, पण सारी गळून जातात. जाणकार हसून सांगतो, थांबा. या वर्गातल्या वेलांना आधी नर फुले येतात आणि ती गळणारच असतात. मादी फुले काही दिवसांनी येतात आणि त्यांच्या देठाशी इवलेसे फळ आधीपासूनच दिसते. मग दुसरी अडचण उभी राहते. शहरातल्या गॅलरीत मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा परागीकरण हाताने करावे लागते. त्यासाठी वेळ गाठावी लागते, कारण दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, गिलक्याचे पहाटे आणि लाल भोपळ्याचे सकाळी. ही गोष्ट माहीत नसणारा माणूस दुपारी बारा वाजता मिटलेल्या फुलांकडे पाहत बसतो. टाळेबंदीत असे शेकडो प्रश्न फोनवरून विचारले गेले आणि त्यांची उत्तरे दिली गेली. ‘थांबा, अजून आठ दिवस थांबा’ हे वाक्य त्या काळात वेलापुरते नव्हते, हे दोन्हीकडच्यांना कळत असावे.

तिसरे कारण गैरहजेरी. कुंडीला उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकले तरी झाड मान टाकते. बाग करणारा माणूस गावाला गेला, आजारी पडला, तर दुसऱ्या कुणाला तरी ती सांभाळावी लागते. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने बीड जिल्ह्याला ग्रासले, तेव्हा या गोष्टीला फार गंभीर अर्थ आला. केज परिसरातील रुग्णांचा आधार असलेल्या अंबाजोगाईत त्या महिन्यात एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह अंत्यसंस्कारासाठी नेले गेले आणि त्या बातमीने देश हादरला. त्या दिवसांत ज्या घरांना कुलूप होते, त्यांतली काही माणसे रुग्णालयात होती आणि काही परतणार नव्हती. अशा घराच्या अंगणातल्या तुळशीला कुंपणापलीकडून पाणी घालणे, ही शेजाऱ्याला करता येण्यासारखी फार थोडी गोष्ट होती. पण ती करता येत होती. भेटायला जाता येत नसताना, खांद्यावर हात ठेवता येत नसताना, तेवढे तरी करता येत होते.

पत्रांतून फुललेला परिवार

दूर राहूनही बागायतदार एकमेकांना सोबत करू शकतात, हे महाराष्ट्राला नवे नव्हते. श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४-२००१) यांनी साठच्या दशकापासून उभारलेला ‘प्रयोग परिवार’ हे त्याचे मोठे उदाहरण आहे. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम करता करता त्यांनी शेतकऱ्यांना प्रयोग करण्याची आणि प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्यांना कळविण्याची सवय लावली. तासगावच्या द्राक्षबागायतदारांच्या वाटचालीत या परिवाराचा मोठा वाटा होता. त्या वेळी साधन होते पत्रांचे. एकाने वेलीची छाटणी कशी केली, पाणी किती दिले, फळ किती आले, हे दुसऱ्याला लिहावे. दुसऱ्याने आपल्या रानात ते करून पाहावे आणि उलट टपाली कळवावे. यात कुणी गुरू नव्हता आणि कुणी शिष्य नव्हता. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरता संशोधक होता. दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाला पुरेल इतके पिकवता येते, हे त्यांचे प्रतिपादन याच सामूहिक अनुभवावर उभे होते. टाळेबंदीत लोकांनी फोनवरून जे केले, त्याची रीत या पत्रव्यवहाराने अर्धशतकापूर्वीच घालून दिली होती.

परसबागेचा दुसरा धागा महिलांच्या हाती होता. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने २०२० च्या पावसाळ्याच्या तोंडाला बचत गटांतील महिलांसाठी ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम राबविली. अशा पोषण बागांसाठी वर्तुळाची रचना सुचविली जाते. वर्तुळाचे सात भाग, त्यांत निरनिराळ्या भाज्या, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक दिवशी एका भागातली भाजी ताटात यावी. मराठवाड्यात, किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून पुढे आलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनेही महिलांनी घरच्या शेतातला एखादा एकर स्वतःच्या निर्णयाने कसावा, आधी घरासाठी पिकवावे आणि उरलेले विकावे, असा मार्ग दाखविला होता. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. बाजार बंद पडल्यावर अशा शेताचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

बियांच्या बाबतीत अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. साथीमुळे तो सन्मान प्रत्यक्ष हाती यायला नोव्हेंबर २०२१ उजाडले. दरम्यान जगाला कळून चुकले होते की, गाडग्यात राखून ठेवलेले बी ही भूतकाळाची हौस नव्हे.

जगभरही हेच

हा अनुभव केवळ आपलाच नव्हता. अमेरिकेतील ‘बर्पी’ या बियाणे कंपनीने मार्च २०२० मध्ये आपल्या १४४ वर्षांच्या इतिहासात कधी नव्हे इतके बी विकले. इंग्लंडमध्ये रोपवाटिका बंद ठेवल्याने ऐन वसंतात रोपे वाया गेली. त्या १३ मे रोजी पुन्हा उघडल्या. संकट आले की माणूस मातीकडे वळतो, हे दुसऱ्या महायुद्धातही दिसले होते. तेव्हा अमेरिकेत घरोघरी ‘विजय बागा’ झाल्या आणि भारतात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम चालली. युद्ध संपल्यावर त्या बहुतेक बागा ओसरल्या, हेही तितकेच खरे.

बागेने मन निवते, असे आपण सहज म्हणतो. त्याची शास्त्रीय तपासणीही झाली आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात २९१ प्रौढांवर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना सामूहिक बागेत वाफा देण्यात आला, तर काहींना पुढच्या वर्षासाठी प्रतीक्षायादीत ठेवण्यात आले. बाग करणाऱ्यांच्या आहारातील तंतुमय पदार्थांचे प्रमाण वाढले आणि त्यांचा ताण व चिंता कमी झाली. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ही बाग सामूहिक होती. शेजारच्या वाफ्यात दुसरे कुणीतरी खुरपत होते.

आता काय उरले?

टाळेबंदी उठली, बाजार भरू लागले, ऊसतोडीच्या टोळ्या पुन्हा फडावर गेल्या. शहरांतील अनेक गॅलऱ्यांत त्या वर्षीच्या कुंड्या कोरड्या पडल्या आहेत. केजसारख्या गावांतही घरे नव्याने बांधली जातात तेव्हा परस पहिल्यांदा जातो. अंगणाला फरशी येते, न्हाणीचे पाणी गटारात जाते आणि अळूची जागा दुचाकी घेते. त्यात दोष कुणाचा नाही. पण परस गेला की त्यासोबत बी मागायला येणारी शेजारीणही जाते, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. आपल्याला शेजाऱ्याची गरज उरली नाही याला आपण प्रगती म्हणतो. त्या दोन वर्षांनी दाखवून दिले की, गरज उरली नव्हती असे नाही, ती फक्त दिसत नव्हती.

म्हणून काही गोष्टी पुढच्या संकटाची वाट न पाहता करता येण्यासारख्या आहेत. घरात एक तरी गावरान वाण राखावा. वालापासून सुरुवात करावी, कारण त्याचे बी धरणे सर्वांत सोपे. वेलावरची पहिली सशक्त शेंग खाण्याऐवजी बियाण्यासाठी सोडावी. त्यातले निम्मे बी दोन वेगवेगळ्या घरी द्यावे आणि पुडीवर वाणाचे नाव व वर्ष लिहावे. सोसायटीत किंवा गल्लीत ज्यांच्याकडे कुंड्या आहेत, त्यांची एकमेकांशी ओळख असावी आणि कुणी गावाला गेल्यास पाणी कोण घालणार हे आधीच ठरलेले असावे. गच्ची नसेल तर खिडकीतल्या कढीपत्त्यावरही हे नाते जुळते.

अक्षय्य तृतीया दरवर्षी येते. त्या आठवड्यात आळे खणताना, आपल्याकडे असलेल्या बियांपैकी चार बिया बाजूला काढून शेजारच्या दारी नेऊन द्याव्यात. त्यासाठी टाळेबंदीची गरज नाही. दार आता उघडे आहे.